पुनवेआधीची लाट

आयुष्यात मी सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन तर माझ्या मावशीचा. आई गेली तेव्हा मी रांगत होतो असं सांगतात. दोडामार्गाकडे डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. वडील, काका, आजोबा सगळे भातशेतीत राबणारे. घरात कोणाला सही येत नव्हती. ह्या पोराला शिकवायचं, हे पहिल्यांदा मावशी म्हणाली. नुसतं म्हणाली नाही, वेंगुर्ल्याला जाऊन काजूच्या कारखान्यात कामाला बसली. तिच्या मजुरीवर मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो आणि पुढे घाटावर जाऊन बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला.

काजूच्या टरफलात तेल असतं. बी फोडताना ते बोटांवर येतं, कातडी काळी पडते आणि सोलून निघते. बायका हाताला राख चोळून बसत, तरी तेल आपलं काम करायचंच. मी निकाल घेऊन वेंगुर्ल्याला गेलो त्या दिवशी मावशीने मला जेवायला वाढलं, आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या उजव्या हाताची मूठ आता पुरती मिटत नाही. भाकरी ती बोटांनी न थापता तळव्याने थापत होती. तीच म्हणाली, "तुका नोकरी लागली काय मी सोडतलंय. तोवर बसतंय." एवढंच आमच्यात ठरलं. मला काम मिळालं की तिचं सुटणार होतं.

ही गोष्ट साठ सालाच्या थोडी पुढची. त्या पावसाळ्यात मी वेंगुर्ल्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत निघालो. पाठीवर लष्करातली जुनी खाकी पिशवी होती, ती कॉलेजातल्या एका मित्राने दिली होती. तिच्यात दोन सदरे, टॉवेल, आणि मेणकापडात गुंडाळलेली प्रमाणपत्रं. हातात छत्री. वाटेत जिथे हायस्कूल लागेल तिथे आत शिरायचं, हेडमास्तरांना नमस्कार करायचा, मेणकापड सोडायचं. कोणी म्हणायचे जागा भरली. कोणी म्हणायचे पुढच्या जूनला या. शिकवण्याची परीक्षा, बी.टी., झालात का, असं बहुतेक सगळेच विचारायचे. मी नाही म्हटलं की कागद न वाचताच परत मिळायचे. मग मी मेणकापड पुन्हा बांधायचो आणि पुढच्या गावी एखाद्या देवळाच्या सभामंडपात अंग टाकायचो.

घरी परत जायला मला कोणी बंदी केली नव्हती. पण गावाहून निघताना वडील म्हणाले होते, "तू आता नांगराक हात लाव नको. लोक हसतले." ते प्रेमानेच म्हणाले होते. मला मात्र त्या वाक्याने घराचं दार लागल्यासारखं झालं. शेतात मी नको होतो, शाळांना मी नको होतो. चालता चालता मला वाटू लागलं होतं की मावशीने इतकी वर्षं हात जाळून जे तयार केलं ते कोणाच्याच उपयोगाचं नाही.

कर्लीच्या खाडीवर पलीकडे नेणाऱ्या होडीत, तरीत, बसलो तेव्हा एक माणूस इतरांना परदेशातल्या एका बंदराची गोष्ट सांगत होता. पस्तिशीचा असेल. एक पाय काठीसारखा ताठ पुढे पसरला होता. नंतर कळलं की तो मालवणचा, आगबोटीवर खलाशी होता. बोटीवर गुडघा चेचला आणि कंपनीने त्याला उतरवून घरी पाठवलं.

"थंय माणसां फळयेर उभी रवतत," तो सांगत होता, "आणि लाट तेंका उचलून किनाऱ्यार आणून सोडता."

"उभी?" एका म्हातारीने विचारलं.

"उभी. हात असे पसरून."

"मगे येताना पानसुपारी खाय होती काय?" तरवाला म्हणाला, आणि तर हसण्याने डुलली.

खलाशी माझ्याकडे वळला. "मास्तरांनू, तुमी शिकलेले दिसतात. तुमीच सांगा, ह्यां खरा काय खोटा?"

मी तेव्हा मास्तर नव्हतो. छत्री आणि पिशवी बघून तो तसं म्हणाला. पण कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात मी खरंच तसं चित्र पाहिलं होतं. "खरं आहे," मी म्हणालो. "मी चित्र पाहिलंय."

तरीतले लोक माझ्याकडे वळले. खलाशाने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कोर्टात निकाल लागला. पैलतीरी उतरल्यावर त्याने माझी पिशवी हिसकावून आपल्या खांद्यावर घेतली. मी कुठे जातोय, कशाला, हे ऐकून म्हणाला, "मालवणात हायस्कूल आसा. आणि रवाक माझी पडवी आसा. चला."

त्याच्या बायकोने आमचं स्वागत फार उत्साहाने केलं नाही. "आणलंस आणखी एकाक?" ती म्हणाली.

"ह्येंनी बघलानी हा. फळयेर उभी रवलेली माणसां."

"खंय बघलानी?"

"चित्रात," मी म्हणालो.

"चित्रात मारुती पण डोंगर घेवन उडता," ती म्हणाली आणि पेज वाढायला आत गेली. पण त्या बाईने पुढे जितके दिवस मी तिथे होतो तितके दिवस मला जेवू घातलं, आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. तिचेही माझ्यावर उपकार आहेत.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. हेडमास्तर वयस्क, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझे कागद वाचले. सगळे वाचले. मग म्हणाले, "आमचे इंग्रजीचे शिक्षक आजारी पडून गावी गेलेत, ते आता परत यायचे नाहीत. मुलं नुसती बसून असतात. नेमणूक कमिटी करते आणि कमिटी पुनवेनंतर बसेल. तोवर वर्ग घ्या. मी शब्द टाकीन." कमिटीत पेठेतले व्यापारी होते आणि मच्छीमार वाडीतर्फे एक म्हातारे तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख, ज्याचं समुद्रात सगळे ऐकतात.

मी वर्ग घेऊ लागलो. मुलं बरी होती. फळ्यापाशी उभा राहिलो की माझ्यातली भीती कमी व्हायची. शाळा सुटली की ती पुन्हा यायची. श्रावण नुकताच लागला होता, पेठ गजबजलेली होती. पूजेची फुलं, केळीची पानं, पत्री विकणाऱ्या बायका. पौर्णिमा यायची होती तरी दुकानांपुढे आत्तापासूनच नारळ लढवण्याचा सराव चालू होता. एकाने मुठीत नारळ धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला आपटायचा, ज्याचा फुटला त्याचा गेला. म्हातारे लोक नारळ कानाशी धरून बोटाने वाजवून बघत. हशा, पैजा, शिव्या. त्या गर्दीतून मी जायचो तेव्हा कोणी ना कोणी विचारायचं, "काय मास्तर, झाला काय कायम?" चांगुलपणानेच विचारत. मी मान हलवून पुढे जायचो आणि वाटायचं, कुठेतरी जावं जिथे हा प्रश्न नाही.

अशी जागा खलाशाने दाखवली. त्याच्या पडवीत एक फळी टेकून ठेवलेली होती, माणसापेक्षा उंच. पांगाऱ्याचं लाकूड, वजनाला हलकं. जाळ्याला तरंगण्यासाठी ज्याचे तुकडे बांधतात तेच. पुढचं टोक तासून वर उचललेलं. ती बनवून घेताना सुतार म्हणाला होता, "ह्यो पाट कोणाचो? ह्येच्यार तर पंगत बसात." तेव्हापासून सगळी वाडी तिला पाट म्हणायची. होड्यांना देतात ते काजूच्या टरफलाचं तेल त्याने फळीला दिलं होतं. त्याचा वास मला लांबूनच ओळखू आला. पहिल्या दिवशी फळीला हात लावायला मला बराच वेळ लागला.

"माझो पाय वाकना नाय," तो म्हणाला. "माका उभा रवाक जमाचा नाय. मी हय इल्यापासून सांगतंय, आणि सगळे माका थापाडो म्हणतत. एकदा कोणी उभो रवलो ना, मगे बघूया."

मला पोहता येत होतं, ते नदीतलं. उघडीप पडली होती, वारा मंदावला होता. वाडीसमोरच्या वाळूच्या पुळणीपुढे पाण्यात खडक होते, मोठ्या लाटा त्यांच्यावर फुटून उरलेल्या आत येत. तरी त्या आमच्या नदीपेक्षा फार दांडग्या होत्या. मी फळीवर पोटावर निजायचो आणि वाट बघायचो. लाट यायची, मला वर उचलायची, आणि फळीखालून निघून जायची. मी जिथल्या तिथे. मग मी जोराने हात मारू लागलो, तर फळीचं नाक पाण्यात घुसायचं, फळी उभी राहायची आणि मी तिच्याखाली. नाकातोंडात पाणी, कानात वाळू, छाती सोललेली.

खलाशी गुडघाभर पाण्यात काठी टेकून उभा राहून ओरडायचा. घरी मी मास्तर होतो, पाण्यात 'अरे' झालो. "अरे हात मार. बाळंतिणीसारखो निजलंस काय? फुडे सर. फुडे नको, मागे." त्यालाही नीट माहीत नव्हतं. त्याने ती माणसं बोटीच्या कठड्यावरून लांबून पाहिली होती, एवढंच. त्याचा प्रत्येक सल्ला दुसऱ्या दिवशी उलटा व्हायचा. पण तो मनापासून ओरडायचा. इतक्या मनापासून मला कोणी काही कर म्हणून सांगितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला त्यात आनंद वाटत होता असं नाही. थकवा हवा होता. लाटेखाली गेलो की तेवढा वेळ जागा, कमिटी, बी.टी., मावशीचा हात काही डोक्यात राहत नसे. वर आलो की सगळं जिथल्या तिथे असायचं.

खलाशाची बायको एकदा ओल्या कपड्यांकडे बघून म्हणाली, "मास्तरांनू, तेचा ऐका नकात. पुनव होवंदे."

"फार आत जात नाही मी," मी म्हणालो. मला वाटलं ती जिवाची काळजी करतेय.

खलाशी हसला. "पुनवेपर्यंत दर्याक काय कुलूप लावलेला आसा?"

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विषय सोडला. नारळी पौर्णिमा मला ठाऊक होती ती नारळीभातापुरती. त्यानंतर होड्या समुद्रात जातात हेही ठाऊक होतं, पण ते वादळवाऱ्यामुळे असं मी समजत होतो. वाडीत पौर्णिमेचा नारळ पडल्याशिवाय कोणी दर्यात उतरत नसे. होडी घेऊन नाही आणि होडीशिवायही नाही. तेवढे महिने दर्या त्याचा स्वतःचा. ही गोष्ट तिथल्या लहान पोरालाही सांगावी लागत नव्हती, म्हणून ती मला कोणी सांगितली नाही. खलाशाला ठाऊक होती. पण परदेशी बंदरं बघून आल्यावर ह्या गोष्टी त्याला लहान वाटू लागल्या होत्या. आणि त्याच्या मनात एकच होतं, की कोणीतरी उभं राहावं. पुळणीवर माडाच्या पानांच्या झापांच्या सावलीला लोक जाळी विणत बसलेले असत. मला बघत. पाहुण्याला, त्यात मास्तराला, तोंडावर कोण बोलणार? त्यांचं गप्प राहणं मी संमती समजलो.

एका दुपारी शाळा लवकर सुटली होती. लाटा एकामागून एक सरळ रेषेत येत होत्या. मागून लाटेने उचललं, मी हात मारले, आणि ह्या वेळी फळी लाटेच्या पुढे घसरू लागली. मी गुडघ्यावर आलो. मग एक पाय, मग दुसरा. आवाज एकदम कमी झाल्यासारखा वाटला. पुळण, माड, होड्यांवरची झापं सगळं माझ्याकडे येत होतं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, फार नसेल. पाणी घोट्याएवढं झालं तेव्हा फळी वाळूत रुतली आणि मी पुढे चार पावलं धावत जाऊन थांबलो, कोरड्या केसांनी.

खलाशी लंगडत लंगडत जाळी विणणाऱ्यांकडे गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघलास? उभो रवलो. तुमच्या डोळ्यांनी बघलास. आता सांगा माका थापाडो."

एकाने मान खाली घालून जाळ्याची गाठ ओढली. म्हातारे तांडेल तिथे बसले होते. ते उठले, पाण्याकडे तोंड करून त्यांनी हात जोडले आणि घराकडे गेले. मला वाटलं, त्यांची रोजची रीत असेल.

त्या उमेदीतच मी मावशीला कार्ड टाकलं की शाळेत वर्ग घेतोय, हेडमास्तर चांगले आहेत, पुनवेनंतर कायम होईल. काही दिवसांनी वेंगुर्ल्याकडून एस.टी.ने आलेल्या एका व्यापाऱ्याने तिचा निरोप आणला. "तुमच्या मावशीन सांगल्यान हा, तिणा कारखान्यात सांगून टाकला. पुनवेनंतर ती कामाक येवची नाय." तो हसून पुढे म्हणाला, "वांगड काम करणाऱ्या बायकांक गूळ वाटल्यान म्हणे." मी त्याचे आभार मानले. मी 'होईल' लिहिलं होतं. कोणी वाचून दाखवताना 'झालं' म्हणून वाचलं असेल, किंवा तिनेच तसं ऐकलं असेल. तिला ते ऐकायचं होतं. आता परत लिहावं का, हे मला ठरवता येईना. पुनव जवळ आली होती. तोवर खरंच कायम झालं तर लिहायची गरजच नव्हती. मी लिहिलं नाही.

मग वारा पुन्हा फिरला. चार-पाच दिवस समुद्र पुळणीवर चढत राहिला. वाडीपुढच्या माडांची एक रांग मुळं उघडी पडून आडवी झाली, आणि झापांखाली ठेवलेली एक होडी पाण्याने ओढून नेली. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे असं व्हायचंच. तरी मी शाळेत जाताना वाटेवरच्या बायका बोलता बोलता थांबू लागल्या. पेठेत 'झाला काय कायम' हा प्रश्न मला कोणी विचारेनासं झालं. ज्या प्रश्नापासून मी पळत होतो तो बंद झाल्यावर मला जास्त भीती वाटली. फळी खलाशाच्या बायकोने गोठ्यामागे नेऊन ठेवली होती, आणि ह्या खेपेला तो तिला काही बोलला नाही.

पौर्णिमेच्या दिवशी सगळं गाव बंदरावर लोटलं. आधी समोरच्या बेटावरच्या किल्ल्याचा नारळ पाण्यात पडला, मग पेठेतल्या व्यापाऱ्यांची मिरवणूक वाजत आली. नवे कपडे, डोक्यावर टोप्या, बाजूला नारळांच्या लढती रंगलेल्या. वाडीचा नारळ तांडेलांच्या हातात होता. मी मुलांबरोबर मागे उभा होतो. तांडेलांनी पाण्याच्या कडेला उभं राहून गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापाशी मोठ्याने मागणं केलं. त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटत नव्हता.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ तुज्या पायाशी ठेवतंव, तो मान्य करून घे."

"होय म्हाराजा," लोक म्हणाले.

"तुज्या लेकरांक सांभाळ, होडये-जाळयेक बरकत दे."

"होय म्हाराजा."

"आणि म्हाराजा, आमच्या गावात एक परको शिकलेलो झील इलो हा. तेका ठाव नाय म्हणान तुज्या बंदीत तो पाण्यात उतारलो, तुज्या पाठीर उभो रवलो. तेच्या मनात वंगाळ नाय. तेचा चुकला-माकला पोटात घाल, आणि तेच्यापायी आमच्यार कोपलं आसशीत तर शांत हो."

"होय म्हाराजा," सगळा किनारा म्हणाला. माझ्या वर्गातली मुलंही म्हणाली. ती माझ्याकडे बघत म्हणाली.

तो परका झील, परका पोरगा, मीच होतो. त्या क्षणापर्यंत मला काही कळलं नव्हतं. मग सगळं एकदम कळलं. जोडलेले हात, गप्प बसलेले लोक, पुनव होवंदे. नारळ पाण्यात पडला, ढोल वाजले, लोक एकमेकांना नारळ देऊ लागले. खलाशी गर्दीत कुठे होता ते मला दिसलं नाही.

कमिटी बसली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून बसायला सांगितलं. बराच वेळ ते टेबलावरची दौत सरळ करत राहिले.

"शिकवता तुम्ही चांगलं," ते म्हणाले. "मी तसं कमिटीत सांगितलं."

दौत त्यांनी बाजूला ठेवली.

"पेठेतल्या मंडळींचं म्हणणं असं पडलं की तुमच्यावर गाऱ्हाणं झालंय. आज समुद्र खाली गेलाय. पुन्हा चढला, एखादी होडी गेली, की लोक शाळेकडे बोट दाखवणार. ते म्हणाले, शाळेला हे कशाला?"

"तांडेलांनी माझं नाव नाही घेतलं."

"नाव घ्यायची गरज नव्हती हो," ते म्हणाले. "गावात परका शिकलेला माणूस दुसरा कोण आहे?"

मी उठून नमस्कार केला. मेणकापड माझ्याकडेच होतं. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, आणि एवढ्या शाळा फिरलो त्यात असं करणारे ते एकटेच.

संध्याकाळी तांडेल स्वतः पडवीवर आले. खलाशाच्या बायकोने बसायचा पाट मांडला, त्यावर ते बसले नाहीत, पायरीवर बसले. "मास्तरांनू, मी तुमच्या बाजून बोललंय," ते म्हणाले. "मी सांगलंय, गाऱ्हाणा घातला म्हणजे सगळा धुतला. धुतलेल्या कापडाक कोण मळको म्हणता काय? तुमच्यार आता काय बाकी नाय. तेंका पटला नाय." ते खरंच गोंधळून गेले होते. मला मोकळं करायला म्हणून त्यांनी सगळ्या गावासमोर ते गाऱ्हाणं घातलं होतं. ते गप्प राहिले असते तर ती गोष्ट कुजबुजीपुरतीच राहिली असती. मी त्यांना हे बोलून दाखवलं नाही. त्यांच्या पाया पडलो.

"आता खंय जातलात?" त्यांनी विचारलं.

खलाशी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजला होता. तांडेल गेल्यावर तो म्हणाला, "माझ्यापायी झाला." मी म्हटलं, तुझ्यापायी नाही. कोणावर तरी रागावता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. एकेक माणूस डोळ्यांपुढे आणला. तांडेल, हेडमास्तर, हा, ह्याची बायको. प्रत्येकाने माझं भलंच पाहिलं होतं. मग उरला मी आणि माझी पदवी, आणि वेंगुर्ल्यात गूळ वाटून बसलेली मावशी.

मला कायमची नोकरी लागली ती पुढच्या वर्षी, दुसऱ्या जिल्ह्यात. मावशी मात्र त्यानंतरही कारखान्यातच राहिली. मी कितीही सांगितलं तरी तिने पुन्हा कधी काम सोडण्याचा विषय काढू दिला नाही. माझ्या नोकरीवर विसंबणं तिने त्या श्रावणातच सोडलं असावं. तिने तसं कधी म्हटलं नाही.

मालवणहून निघण्याआधी तिला लिहिलं ते पत्र मी आधी शाळेच्या एका कोऱ्या कागदावर लिहून काढलं होतं, मग बारीक अक्षरात कार्डावर उतरवून टपालात टाकलं. तो कागद माझ्याकडे राहिला. त्यात लिहिलं आहे ते असं:

मावशी,

तुझ्या पाया पडून लिहितो. हे पत्र जो कोणी वाचून दाखवील त्याने सावकाश वाचावं, आणि लिहिलं आहे तेवढंच वाचावं.

मालवणची जागा मला मिळाली नाही. आधीच्या कार्डात मी मिळेल असं लिहिलं होतं, मिळाली असं नव्हतं. पण तू तसं समजलीस यात तुझी चूक नाही. शिकवण्यात मी कमी पडलो नाही. पुनवेआधी मी इथे दर्यात उतरत होतो, फळीवर उभं राहून लाटेबरोबर यायला शिकत होतो. तसं करायचं नसतं हे मला ठाऊक नव्हतं. कोणी मला रागावलं नाही. इथल्या म्हाताऱ्या तांडेलांनी माझ्यासाठी देवापाशी गाऱ्हाणं घातलं, ते सगळ्या गावाने ऐकलं, आणि त्यावरून कमिटीने मला घ्यायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या कोणाकडून हे तुला वेगळंच कळेल, म्हणून मी सगळं लिहितो आहे.

तू काम सोडल्याचं सांगून टाकलंस, बायकांना गूळ वाटलास, हे मला कळलं. मावशी, तू उद्याच सकाळी कारखान्यात जा आणि मुकादमिणीला सांग की मी येते. तुझ्या जागी अजून दुसरी कोणी बसवली नसेल. बायका काही बोलल्या तर पोराला कायम केलं नाही एवढंच सांग, बाकी सांगू नकोस. मला हे लिहावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. गावी बाबांना काही कळवू नकोस.

मी उद्या आचऱ्याच्या वाटेने देवगडकडे निघतो. तिकडेही शाळा आहेत. इथे ज्यांच्याकडे राहिलो त्यांनी मला घरच्यासारखं ठेवलं, माझी तब्येत चांगली आहे. कुठे थांबलो की पत्ता कळवीन. तोवर उत्तर पाठवू नकोस, ते मला कुठे मिळेल हे सांगता येत नाही.

तुझा झील